छान म्हणायचं नाही

कांजूरमार्ग (पूर्व),
१४ जानेवारी २०२५

प्रिय देवव्रत,

सप्रेम नमस्कार. पाकिटात तिळगूळ घालणार होतो, पण जानकी म्हणाली, पोस्टाच्या शिक्क्याखाली त्याचा चुरा होईल आणि उगाच त्यांच्या घरी मुंग्या जातील. तेव्हा लेखीच घे.

गेल्या महिन्यात बोरिवलीच्या एका लग्नात जानकीला तुझी गंधाली भेटली. तुझा गोरेगावचा नवा पत्ता तिनेच दिला. नंबरही दिला होता, पण फोनवर माझं नाव बघून तू तो तसाच वाजू देशील. पाकीट मात्र फोडल्याशिवाय तुला राहवणार नाही. कॉलेजात असताना तू माझ्या ताईची पत्रंसुद्धा माझ्याआधी फोडायचास.

इकडे सगळं ठीक. टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन पाच वर्षं झाली. शुगर आहे, पण हाताबाहेर नाही. तुझ्या खांद्यावर बसून गणपती बघणारी आमची श्रुतिका आता नोकरीला लागली. दर महिन्याला आम्हा दोघांची सिनेमाची तिकिटं काढते आणि 'जा, जरा बाहेर पडा' म्हणून घराबाहेर हाकलते. त्यामुळे बऱ्याच वर्षांनी पुन्हा सिनेमे बघणं सुरू झालंय. आणि बघितले की मतं येतात. ती कोणाला सांगायची?

पहिला मुलुंडच्या मॉलमध्ये पाहिला. हीरोचा सिनेमा. हीरो चालतो. नुसता चालतो रे! गाडीतून उतरून दारापर्यंत यायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मी स्टेशनवरून भाजी घेऊन घरी पोचतो. मागे ढोल, पुढे धूर, आणि समोर माणसं उडून पडायला तयार उभी. खलनायक त्यातल्या त्यात बरा, त्याला निदान घाई होती. खुर्ची मागे झुकणारी, पाय वर करणारी, त्यामुळे इंटरव्हलनंतर मी झोपलो. जानकीने उठवलं तेव्हा हीरो अजून चालतच होता.

दुसरा घाटकोपरला. मराठी. कोकणातली म्हातारी आई आणि शहरात गेलेला मुलगा. म्हातारीचं काम करणारी बाई झकास. ती गप्प बसून आंबोळी उलटते तेवढा एक प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. बाकी, कोणाला दुःख झालं की कॅमेरा उडाला आकाशात. वरून नारळ, नदी, लाल कौलं. अरे, आमच्या गावात निम्म्या कौलांवर निळं प्लास्टिक अंथरलेलं असतं, ते एकाही घरावर नाही! शेवटी मुलगा आईच्या पायाशी बसून पुरती पाच मिनिटं रडतो. अख्खं थिएटर रडलं, जानकीसकट. मला पटलं नाही. आमची माणसं अशी समोरासमोर बसून रडत नाहीत. ती विचारतात, 'जेवलंस काय?'

बाहेर आलो आणि मी सवयीने गप्प. जानकी म्हणाली, "काय हो, आवडला नाही का?" तिला काय सांगणार, की आरे येईपर्यंत बोलायचं नसतं म्हणून!

तुला आठवतो ना आपला नियम? कॉलेजला दांडी मारून गोरेगावचा मॉर्निंग शो, कारण त्या बाजूला घरच्यांच्या ओळखीचं कोणी भेटत नाही. सिनेमा सुटल्यावर अवाक्षर काढायचं नाही. आरेच्या दूध कॉलनीतून पवईकडे जाणारी बस पकडायची, आणि बस आरेत शिरून झाडी सुरू झाली की मगच मत द्यायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. आणि 'छान' म्हणायचं नाही. हे कलम तुझं. "छान हे मत नव्हे, बाळा. छान म्हणजे पळ काढणं." जो म्हणेल त्याने खिडकीची जागा सोडायची. काय दिवस होते यार! बसच्या पत्र्याचा आवाज, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास, आणि तू एखाद्या नटाची पार सालपटं काढतोयस. पुढची माणसं मान वळवून ऐकायची.

तिसरा सिनेमा घरीच पाहिला, श्रुतिकाने टीव्हीवर लावला म्हणून. त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. पत्र लांबलं.

गंधालीला नमस्कार सांग. तब्येतीला जप.

तुझा,
बाळा


कांजूरमार्ग (पूर्व),
३० जानेवारी २०२५

देव्या,

पोस्टकार्ड मिळालं. माझ्या एवढ्या लांबलचक पत्राला उत्तर म्हणून मधोमध एकच शब्द, 'छान', आणि खाली सही. मी कार्ड हातात धरून एकटाच का हसतोय हे श्रुतिकाला कळेना. हसू संपल्यावर मात्र ते लागलं. बरोबर मारलंस.

तर तिसरा सिनेमा. कुठला ते तुला कळलं असणारच. श्रुतिकाला तो नेटवर कुठेतरी सापडला. म्हणाली, "बाबा, हा देवव्रतकाकाचा ना? आपण कसा नाही पाहिला?" तिने आणि जानकीने पाहिला नव्हता. मी पाहिला होता. २०१३ साली, पहिल्या खेळाला, तू पाठवलेल्या पासावर.

वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली सहायक म्हणून राबून तू केलेला तुझा स्वतःचा सिनेमा. बाहेर हारतुरे, पाहुणे, फोटो. त्या सगळ्या गर्दीतून वाट काढत तू माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "बोल." मी म्हणालो, "छान." तू हसायचा प्रयत्न केलास. "बाळा, खिडकी सोडावी लागेल." मी तुझ्या हातात हात दिला आणि निघून आलो. नंतर तुझे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. सिनेमा आठवड्यात उतरला. तुला वाटलं असणार, याला माझं काम टाकाऊ वाटलं आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही. अकरा वर्षं मी तुला तसं वाटू दिलं. सिनेमा पडला तेव्हा तुझ्या शेजारी बसायला हवं होतं, तेव्हाही आलो नाही. याची मला लाज वाटते.

खरं कारण जानकीलाही माहीत नव्हतं. परवा सांगितलं.

तो दिवस तुझ्या लक्षात आहे, हे सिनेमावरून दिसतंच. आपण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. बसमध्ये तू नायिकेला 'छान' म्हणून बसलास आणि खिडकी मला मिळाली. गोठ्यांजवळच्या थांब्याशी बस हळू झाली, आणि बाकावर बाबा. कंपनीत जाताना घालायचे तोच इस्त्रीचा निळा शर्ट. मांडीवर डबा. वेळ साडेबाराची, म्हणजे कंपनीतल्या जेवणाच्या सुट्टीची. त्यांना कामावरून कमी करून तेव्हा तीन महिने झाले होते आणि आम्हाला घरी कोणाला पत्ता नव्हता. रोज सकाळी वेळेवर निघायचे, संध्याकाळी वेळेवर परत यायचे. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की हे आपण बघायला नको होतं.

मी काय केलं? खाली वाकलो. चपलेचा अंगठा तुटल्यासारखा वाकलो आणि बस पुढे जाईपर्यंत वर आलो नाही. माझ्या डोक्यावरून तूही त्यांना पाहिलंस. घर येईपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस आणि पुढे कधी विषय काढला नाहीस. तुझे ते उपकार मी विसरलो नव्हतो.

त्याच दिवशी जेवताना बाबांनी मला विचारलं, "हल्ली सिनेमे कसे असतत रे?" ज्या माणसाने जन्मात सिनेमाचं नाव काढलं नाही, त्याने! मी ताटाकडे बघत म्हणालो, "छान." "बरां," म्हणाले आणि भात कालवायला लागले. पुढे सहा महिन्यांनी पवईच्या एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली, तेव्हा त्यांनी आईला सगळं सांगितलं. माझ्याशी त्यावर कधी बोलले नाहीत, मीही त्यांच्याशी बोललो नाही. अठ्ठ्याण्णव साली गेले.

आणि तुझ्या पडद्यावर तोच बाक, तोच शर्ट, तोच डबा. मुलगा खिडकीत वाकतो. पण तुझा मुलगा पुढच्या थांब्यावर उतरतो आणि धावत मागे येतो. बाप दचकतो. मग डबा बाकाच्या मधोमध सरकवतो आणि अर्धी भाकरी मोडून देतो. देव्या, मी अंधारात रडलो आणि तुझ्यावर भयंकर चिडलो. मला वाटलं, तू एवढ्या लोकांसमोर माझं नाव न घेता सांगतोयस की हा उतरला नव्हता.

आता घरी पाहिला तेव्हा पन्नाशी कधीच मागे पडलेली. बाबांचं तेव्हाचं वय मी ओलांडलंय. या खेपेला त्यात मला कुठेही टोमणा दिसला नाही. तूही वीस वर्षांचा पोर होतास, मित्राचा दंड धरून त्याला उतरवायला हवं होतं हे तुलाही खात होतं. म्हणून तू मला सिनेमात उतरवलंस.

तरी हे मत नव्हे. मत नियमाप्रमाणे आरेतच देणार. नऊ फेब्रुवारीच्या रविवारी साडेबारा वाजता मी त्या थांब्यावर बसतो. त्या दिवसानंतर मी तिथे कधी गेलेलो नाही, पवईहून पलीकडे जायचं झालं तर आरे टाळून लिंक रोडने जातो. जानकी दोघांचा डबा देणार आहे. तू गोरेगावहून बस पकड. नाहीच आलास तर तुला दोष देणार नाही, पण ये.

तुझाच,
बाळा


आरे, गोठ्यांजवळचा थांबा,
रविवार, ९ फेब्रुवारी, दुपारचा पाऊण

देव्या,

बस आत्ताच गेली. खिशातल्या डायरीच्या पानांवर लिहितोय, मांडीवर धरून, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, मागून तिसरी खिडकी. मी दिसल्याबरोबर तू खाली वाकलास. सत्तावन्न वर्षांचा घोडा! तुझं नाक तेवढं वर राहिलं होतं. मी हात केला, पण वाकलेल्या माणसाला तो दिसणार कसा? एक बाई उतरली, दोन पोरं चढली, बस गेली. मी एकटाच खो खो हसलो. समोरच्या गोठ्यातला भय्या बादली खाली ठेवून बघायला लागला.

आणि हसता हसता थांबलो.

अरे, इथून सगळं दिसतं. बाक जरा चढावर आहे, बस इथे हळू होते आणि खिडक्या अगदी डोळ्यांसमोरून जातात. नुसता बसलेला माणूस एक वेळ लक्षात येणार नाही, वाकणारा पहिला दिसतो. म्हणजे बाबांना मी दिसलो होतो. एवढी वर्षं मी समजत होतो, की मी त्यांना पाहिलं हे त्यांना कळलंच नाही. त्यांना तेव्हाच कळलं होतं. कॉलेजच्या वेळेला पोरगा गोरेगावच्या बसमध्ये, म्हणजे सिनेमाहून येतोय हेही कळलं होतं. म्हणून त्यांनी विचारलं, सिनेमे कसे असतात. दांडी मारली म्हणून रागावले नाहीत, वाकलो म्हणून रागावले नाहीत. मी एक खरा शब्द बोललो असतो, तर त्यांनाही बोलता आलं असतं. घरात तीन महिने गिळून बसले होते, पुढचे सहा महिने गिळावे लागले नसते. आणि मी 'छान' म्हणालो.

आता मत. आरेतच बसलोय, तेव्हा नियमात बसतं. मध्ये तोंड घालू नकोस.

तुझा सिनेमा चांगला आहे. पहिली वीस मिनिटं रेंगाळतो. गाणं उगाच आहे. आईचं काम करणारी बाई फार नीटनेटकी नेसते, चुलीपुढे कोणी तशी नेसत नाही. बापाचं काम करणारा माणूस तू कुठून शोधलास मला माहीत नाही, पण डबा उघडताना तो आधी आजूबाजूला बघतो, ते कोणाला शिकवून येत नाही. बाकावरचा प्रसंग मी आजवर पाहिलेल्या सगळ्या सिनेमांच्या वर.

पण त्यातच एक चूक आहे. ती तुझी नाही, कारण मी तुला कधी काही सांगितलं नव्हतं, आणि मला तरी आज इथे बसेपर्यंत कुठे ठाऊक होतं! मुलगा समोर येऊन उभा राहतो तेव्हा तुझा बाप दचकतो. माझे बाबा दचकले नसते. त्यांनी आधीच पाहिलं होतं. डबा त्यांनी मी येण्याआधीच बाकाच्या मधोमध ठेवला असता.

मी आता तसाच ठेवलाय. माझं अर्धं खाऊन झालं, तुझं अर्धं तसंच आहे. जानकीने तुझ्यासाठी मुद्दाम तांदळाची भाकरी दिली होती, ती आता गार झाली. पुढच्या रविवारी गरम आणतो. साडेबारा वाजता. या वेळी उतर.

तुझी वाट बघत, खिडकी सोडून बाकावर बसलेला,
बाळा