फोटोतलं स्टिअरिंग

प्रिय ताई,

पाकीट घरी न येता तुझ्या शिलाईच्या दुकानात आलं म्हणून दचकू नकोस. मुद्दामच तिकडे पाठवलंय. आमच्या लिफ्टच्या कामावरचा एक वायरमन सुट्टीवर निघालाय, त्याची बस तुमच्याकडूनच पुढे जाते, त्याच्या हाती दिलंय. तो नुसता देऊन जाईल, काही विचारणार नाही. माझं अक्षर तुला लागेल की नाही कोण जाणे. शाळेत माझा गृहपाठ तूच लिहायचीस, तेव्हा आता तक्रार करायची नाही.

फोन का नाही केला म्हणशील. फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि तुम्ही सगळे शेकोटीला बसल्यासारखे त्याच्याभोवती बसता. मी एक विचारलं की आई, तू आणि भावोजी तिघं उत्तर देता, आणि हल्ली तिघांचं उत्तर एकच असतं. आपल्या घरात चहात साखर किती घालायची यावर तरी कधी तिघांचं एकमत झालंय का? तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

खरं तर सुरुवात तुझ्या चिंगीच्या फोटोपासून झाली. बाबांच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसून ती पडलेले दात दाखवत हसतेय, तो. मी कामावर सगळ्यांना दाखवला. मुकादम म्हणाला, भाची अगदी तुझ्यावर गेलीय, हिलाही शाळेत बांधून ठेवावं लागणार. मग खोलीवर येऊन पुन्हा बघतो तर चिंगीच्या हातातलं स्टिअरिंग वाकडं. दार उघडं आहे, त्यातून पुढचं चाक दिसतंय, ते नाकासमोर सरळ. आणि स्टिअरिंग मात्र भिंतीवर तिरकं टांगलेल्या घड्याळासारखं एका बाजूला कललेलं. मला तुम्ही भिंगरी म्हणता ना, एका जागी टिकत नाही म्हणून? त्या फोटोसमोर मी जेवणसुद्धा विसरून बसलो होतो.

तुला वाटेल, एवढं काय त्यात. पण ती गाडी शेवटची मी खोललीय. स्टिअरिंगपासून खाली चाकं वळवणाऱ्या पेटीपर्यंत जो दांडा जातो तो शाफ्ट. त्याचे सांधे पार झिजले होते, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी जरा विचार करून वळायची, आणि खड्ड्यात टक्‌टक् वाजायची. बाबा म्हणायचे, चालतंय की. मागे उभ्या काचा घेऊन जाणारा माणूस म्हणतो चालतंय! म्हणून सुट्टीत मी नवा शाफ्ट आणला आणि आपल्याच अंगणात बॉनेट उघडून बसलो. त्याच्या दोन्ही टोकांना दात असतात. एक दात जरी चुकला तरी स्टिअरिंग वाकडं बसतं. म्हणून आधी चाकं सरळ केली, स्टिअरिंग दोरीने सीटला बांधलं. बाबा म्हणाले, अरे ते काय पळून जाणाराय? पण मग आत बसून त्यांनीच ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं, आणि मी खालून गंजलेला सांधा ठोकत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं भांडल्याशिवाय इतका वेळ एका कामावर होतो. काम झाल्यावर मी काचेच्या दुकानापर्यंत गाडी नेऊन आणली. स्टिअरिंग अगदी सरळ होतं, ताई. मी शप्पथ घेऊन सांगतो.

पहिला संशय तुझ्या नवऱ्यावर गेला. रागावू नकोस, पण जाणारच. त्या दिवशी ते हात मागे बांधून माझ्या डोक्यावर उभे होते, उलटा बसवतोयस, उलटा बसवतोयस, असं सारखं चाललेलं. मोबाइलवर एखादी गोष्ट बघितली की ते इंजिनिअर होतात. मला वाटलं, माझी पाठ फिरल्यावर यांनी शाफ्ट पुन्हा खोलला आणि दात चुकवले. मनातल्या मनात त्यांच्याशी इतका भांडलो की कामावर माझा पाना खाली पडला आणि मुकादमाने शिव्या घातल्या.

पण मग फोटोत सीट दिसली. पार पुढे ओढलेली. बाबा सीट शेवटपर्यंत मागे ढकलतात, तरी त्यांचे गुडघे वर टेकतात. म्हणजे गाडी भावोजी चालवतायत. त्यांच्या उंचीबद्दल मी काही बोलत नाही, घरचे जावई आहेत. पण बाबांनी गाडी त्यांच्या हातात दिली? मी चालवायचो तेव्हा शेजारी बसून जे नसलेला ब्रेक दाबायचे, त्यांनी?

मग मी फोनवर बाबांना मागायला लागलो. आधी ते आंघोळीला गेलेले. मग झोपलेले. मग आई म्हणाली, फिरायला गेलेत. बाबा आणि फिरायला! काडेपेटी आणायला कोपऱ्यावर पिकअप घेऊन जाणारा माणूस! आणि त्याआधी, नवा शाफ्ट बसवल्यापासून प्रत्येक फोनवर ते तुझ्या हातातून फोन ओढून घ्यायचे आणि मला ऐकवायचे, गाडी जड करून ठेवलीस रे, जुन्यातच मजा होती. मला वैताग यायचा. आता वाटतं, एकदा तेवढं तरी ऐकू येऊ दे. आईला मी सहज विचारलं, स्टिअरिंग वाकडं कसं गं? तर ती हसून म्हणाली, आपल्या घरात सरळ काय आहे? ताई, आईने आजवर कधी विनोद केलाय? आणि वर, बाबा ज्याच्या काचा पोचवतात त्या काचवाल्या शेठचा मला आपणहून मेसेज आला, काही लागलं तर कळव म्हणून. जो माणूस दारात उभं राहिलं तर या म्हणत नाही, तो.

गाडी कुठेतरी आदळलीय आणि बाबांना लागलंय, हे आता मला कुणी सांगायला नको. एवढं झाल्यावर माझा संशय सगळ्यांवरून उठला आणि माझ्यावरच येऊन बसला. शाफ्टला दोन बोल्ट, एक वर, एक खाली. आमच्या लिफ्टच्या कामात बोल्ट आवळला की त्यावर रंगाची रेघ मारायची, म्हणजे आवळलाय हे कुणालाही दिसतं. घरी रंग नव्हता म्हणून तुझं नेलपॉलिश उचललं आणि तू केवढी ओरडलीस. वरच्या बोल्टवर रेघ मारल्याचं मला डोळ्यांसमोर दिसतं. बाबा वाकून म्हणाले होते, नवरी सजवलीस की. खालच्याच्या वेळी आईने जेवायला हाक मारली. बाबा म्हणाले, चल, नाहीतर ती पुन्हा वाढणार नाही. त्यानंतर मी रेघ मारली का? शेवटचा जोर दिला का? रोज इतके बोल्ट आवळतो की सगळे एकमेकांत मिसळून गेलेत. डोळे मिटले की आवळलेला दिसतो, उघडले की सैल.

तुला म्हणणार होतो, वाकून बघ, खाली रेघ आहे का. पण नाही म्हणत. रेघ नसली तर तू बाटली घेऊन जाशील आणि स्वतः मारून येशील. मी फाडलेलं पुस्तक स्वतःच फाडलं म्हणून बाईंना सांगणारी तू. तुझ्यावर माझा बाकी सगळ्या बाबतीत विश्वास आहे, फक्त या एका बाबतीत काडीचाही नाही.

म्हणून हे पत्र. मुकादमाच्या मागे लागून सुट्टी मिळवलीय आणि हे तुझ्या हाती पडेल तोवर मी तिकडच्या बसमध्ये बसलेला असेन. आईला सांगू नकोस, भावोजींना तर नकोच. बोल्ट माझा सैल होता की रस्त्याने घात केला, ते मी आल्यावर स्वतः गाडीखाली शिरून बघेन, आणि काय निघेल ते बाबांना स्वतःच्या तोंडाने सांगेन. तुझ्याकडून मला फक्त एक शब्द हवाय. आपल्या स्टँडबाहेर दोन रस्ते आहेत, डावीकडे घर आणि उजवीकडे मोठा दवाखाना. उतरल्यावर कुठे वळू, तेवढं मेसेजवर कळव. खोटं लिहिलंस तर उगाच उलटा फिरेन, आणि तेवढा वेळ वाया जाईल. आणि ताई, त्या दोन रस्त्यांखेरीज तिसरा मला लिहू नकोस.

तुझाच,
भिंगरी