डाव्या पिळाची वाटी

माघ शुद्ध ७, शके १७८६. अमरावती

कापूसवाल्या साहेबाचा कारकून उत्तमराव आज दुकानात एक कट्यार ठेवून गेला. सिंगापूरकडची! पातं नागमोडी, मूठ वाकून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी. साहेबाला ती विलायतेत धाडायची आहे. "कोनता भाग कशाचा हाय, मूळचा कोनता, मागून बसवला तो कोनता — लिवून द्या." असलं हत्यार मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. पण नाही म्हणवेना. कापसाच्या तेजीत सगळ्या गावाला चांदीची कडी हवीत, त्या ठोकठोकीचा वीट आलाय.

शुद्ध ८

पात्याच्या बुडाचा तुकडा वेगळा निघाला. "तुटून जोडलेला" असं लिहिलं. मग भिंग लावलं — सांधा इतका नेमका की ही मोडतोड नव्हेच. मुळातच दोन तुकडे करतात! खोडलं. मूठ खिळ्याने नाही, चिंधी गुंडाळून घट्ट बसवलेली. म्यानाचं तोंड होडीसारखं, लाकडाचं. खाली पितळी पत्रा.

जेवायला उशीर झाला. सुभद्रा भिंतीला म्हणाली, "भाकर थंडी होऊन राहिली." धाकट्या भावाची बायको ती, मी तिचा भासरा. माझ्याशी समोर बोलायची रीत नाही. घरात माणसं दोनच, आणि बोलणं भिंतीशी!

शुद्ध ९

मुठीखाली चांदीची इवलीशी वाटी आहे. काठाला पिळाची तार. पीळ उलटा — डाव्या हाताचा!

माझा धाकटा भाऊ, सुभद्रेचा नवरा देवीदास डावखुरा. तेराएक वर्षांपूर्वी देवीच्या मुकुटाचं काम आलं, तेव्हा गिऱ्हाइकासमोर मी म्हणालो, "डाव्या हातचं देवीले चालत नाई." तो सांडशी खाली ठेवून उठला, तो गेलाच. त्याची तार ओढायला सुभद्राच बसायची. बारा वर्षं वाट पाहिली. गेल्या चैत्रात भटजींनी सांगितल्यावरून पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याच्या नावाने जाळला. अग्नी मी दिला. सुभद्रेच्या बांगड्या फुटल्या.

डावखुरे जगात पुष्कळ असतील. पण तारेचा सांधा चांदीच्या रव्याखाली लपवलाय. ती आमच्या बाबांची रीत.

शुद्ध १०

उत्तमरावाला विचारलं. "वाटी नवी हाय. साह्यबानं भादव्यात तिथंच, सिंगापुरात बसवून घेतली. आपल्या मुलखाचाच सोनार होता म्हने. काहून?"

काही नाही म्हणालो.

चैत्रात जाळलेल्या माणसाने भाद्रपदात वाटी घडवली!

शुद्ध ११

तिला सांगायला हवं. सांगवत नाही. खरं ते लिहितो — कळलं की ती मोर्शीला भावाकडे निघून जाईल. नवरा जिवंत असताना मी तिला विधवा केलं. ती गेली की या घरात भिंतीशीही कोणी बोलणार नाही. माझी बायको गेली तेव्हापासून ही एक हाक तेवढी उरली आहे. भित्रा आहे मी.

शुद्ध १२

यादी पुरी केली. शेवटची ओळ — "वाटी मागून बसवलेली. कारागीर अज्ञात." कट्यार उद्या जाईल.

दुपारी बाजारातून आलो तर दुकान झाडलेलं. कट्यार जागच्या जागी. वाटी मात्र पुसून लख्ख.

शुद्ध १३

सकाळी चुलीपाशी बांगड्या वाजल्या. हिरव्या, काचेच्या.

सुभद्रा दारात आली. भिंतीकडे नाही, माझ्याकडे पाहून बोलली — "तार त्याइचीच हाय. कागदावर नाव लिवा."