साखळीतला हात

सर्वेशदादा,

ठाकुर्लीच्या तुझ्या नव्या घराचा पत्ता वहिनीने दिलाय, पण हे पत्र मी पाठवणार नाही.

नऊ वर्षं आपण दोघे भाऊ एकाच संघातून कबड्डी खेळलो. चढाईवाला आत आला की तू कोपऱ्यातून हात द्यायचास, मी तो धरायचो आणि साखळी करून आपण त्याला पाडायचो. शेवटच्या मोसमात तुझा हात जड लागू लागला. गुडघा सोसत नव्हता, म्हणून तू भार माझ्यावर टाकायचास. विचारलं की म्हणायचास, "काय नाय रे, खेळ तू."

निवडीआधी सरांनी मला तुझ्याबद्दल विचारलं, तेव्हा तुझ्या गुडघ्याचं मीच सांगितलं. तुझा पाय वाचावा म्हणून, असं घरी सगळ्यांना म्हणालो. खरं तर दोघांपैकी एकालाच घेणार होते, हे मला माहीत होतं.

आता माझाही गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणतात, थांब. पण थांबून करू काय, दादा?

आज वर्तकनगरला सरावात माझा नवा जोडीदार नील हात धरताच थबकला. "दादा, बरं आहे ना?"

मी म्हटलं, "काय नाय रे, खेळ तू."

उद्या निवड आहे. सर त्यालाही विचारतील.

तुझा,
मितेश