अत्तिलिओच्या हातचे शेवटचे रिव्हॉल्व्हर

मी, देल्फिना बेल्लेरी, कै. अत्तिलिओ बेल्लेरी यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार गार्दोने, हे मृत्युपत्र नोटरी गालेओत्ती यांना सांगून लिहवून घेत आहे. माझे हृदय अधूनमधून दगा देते, डोके देत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. ते कोणाला कधी जमलेही नाही.

नदीकाठचे घर माझ्या बहिणीची मुलगी नोएमी हिला मिळावे. खालच्या मजल्यावर माझे दीर सेवेरिनो राहतात, ते शेवटपर्यंत तिथेच राहतील. नोएमीने भाडे मागू नये आणि त्यांचे खिडकीजवळचे कामाचे टेबल हलवू नये. "ज्यांच्याशी तुम्ही इतकी वर्षं बोलत नाही, तेच ना?" असे नोटरीसाहेबांनी आत्ता विचारले. तेच. लिहा.

बँकेतील शिल्लक नोएमीची. मक्याच्या पिठाची पोलेंटा शिजवायची तांब्याची कढई शेजारीण पिएरिना हिला द्यावी. तिने ती माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून, माझ्या तोंडावर मागून ठेवली आहे. आमच्या यांच्या कानशी आणि पाने नेमबाजी मंडळाला द्यावीत.

आता रिव्हॉल्व्हर. आमच्या खोऱ्यात जुन्या, काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरच्या नकला बनतात, आणि आमचे हे त्या घरी आणून घासूनपुसून नीट बसवत. कारखान्यातून आलेला माल म्हणजे अर्धी शिजलेली पोलेंटा, असे ते म्हणत, "दिसायला पिवळी, खायला कच्ची."

बारा वर्षांपूर्वी मंडळाच्या स्पर्धेत सेवेरिनो भावोजींनी यांनीच बसवलेले रिव्हॉल्व्हर उडवले, तेव्हा चक्रातल्या गोळीच्या एका घराची आग शेजारच्या घरांत शिरली आणि तीन गोळ्या एकदम सुटल्या. भावोजींचा हात भाजला. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "अत्तिलिओच्या हाताचा आता भरवसा नाही राहिला."

"तूच ठिणगीच्या टोप्या सैल बसवल्यास," हे म्हणाले. "आणि गोळ्यांवर चरबी फासली होतीस का नीट?"

"मला शिकवतोस? दारू, वर ती दाबून बसवायला रवा, मग गोळी, चरबी. जन्मभर तेच करत आलोय."

चूक कोणाची ते आजवर ठरले नाही, आणि मीही ठरवून जाणार नाही. त्यानंतर यांनी एकच रिव्हॉल्व्हर हातात घेतले आणि हिवाळाभर घासले. "सेवेरिनो वर आला की देईन," म्हणायचे. भावोजी वर आले ते यांना खांदा द्यायला.

तेव्हापासून आम्ही दोघे तोंडात गुळणी धरून आहोत. तरी माझ्या दाराशी फोडलेली लाकडे रचलेली असतात, आणि जिन्यावर ठेवलेला त्यांचा शर्ट मी बटण लावून परत ठेवते. आज मला इथे गाडीतून त्यांनीच आणले. वाटेत फक्त एवढेच म्हणाले, "पट्टा लावा, वहिनी." मला रडू आले. खिडकीकडे तोंड करून आवरले. या हट्टी माणसाचा मला फार लळा आहे.

म्हणून हे रिव्हॉल्व्हर, जे अजून एकदाही उडवलेले नाही, मी सेवेरिनो यांना देते. मंडळाच्या पुढच्या स्पर्धेत त्यांनी ते स्वतः भरावे, आणि टोप्या चिमटीत जरा दाबून मगच बसवाव्यात. सहाही घरे उडाली, की सर्वांसमोर म्हणावे, "माझ्या भावाचा हात भरवशाचा होता."

"आणि नाही उडाली तर?" नोटरीसाहेब विचारतात. प्रश्न रास्त आहे. फुटलेली टोपी यंत्रात अडकते, दारू सर्दावते; कितीही नीट बसवलेले असले तरी असले रिव्हॉल्व्हर एखाद्या दिवशी रुसून बसते.

तर असे लिहा: एकही घर उडाले नाही, तरी त्यांनी हेच म्हणावे. ऐकायला हे नसतील, मीही नसेन. पण ते म्हटल्याशिवाय त्या माणसाला झोप लागत नाही, हे मला वरच्या मजल्यावर ऐकू येते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या मनासारखा आहे.

सही: देल्फिना बेल्लेरी
साक्षीदार: ओर्तेन्सिओ मूत्ती, इल्दे कोंतेस्सा
नोटरी: गालेओत्ती
गार्दोने, १४ नोव्हेंबर २०१९