वलीम्याच्या दिवशीचा रोजा

११ नोव्हें., मंगळवार
आपाचं कार्ड आलं. वेल्ह्याहून भात घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती धाडलं. सख्खी मोठी बहीण, पण स्वतः यायला तोंड नाही. सोमवारी तिच्या इम्रानचा वलीमा, निकाहनंतरचं जेवण. हाच इम्रान आमच्या सनाचा होणार होता. मंगनी झाली, ओढणीला गोटा लावून झाला, आणि ऐनवेळी आपाचा फोन, 'न्हाई जमत.' कारण आजतागायत सांगितलेलं नाही. आता साताऱ्याची पोरगी केली.
सना कार्ड बघून म्हणाली, 'छान छापलंय.' पोरीला काहीच वाटत नाही. बरंय बाई. आग सगळी मलाच.

१३ गुरु.
उद्या बायकांच्या दर्सला, धर्माच्या प्रवचनाला, मीच बोलायचं. पोरांना अरबी शिकवते म्हणून दरवेळी माझ्याच गळ्यात. विषय: आपल्या पैगंबरांवर, नबींवर (स.) स्वतःपेक्षा जास्त प्रेम का करायचं?
आईबाप, लेकरं यांच्यापेक्षा जास्त, हे लहानपणापासून पाठ. ते सोपं. पण स्वतःपेक्षा? एका सोबत्यानं नबींना (स.) तोंडावर सांगितलं होतं, तुम्ही मला सगळ्यांपेक्षा प्रिय, फक्त माझा जीव सोडून. हा माणूस मला फार आवडतो. खरं बोलला. नबी (स.) म्हणाले, तेवढ्यानं भागत नाही. आणि त्याचं मन तिथल्या तिथं फिरलं. कसं फिरलं असेल? माझं तर...
भाजी करपली.

१४ शुक्र.
दर्स झाला. छान बोलले. आपण जन्मलोही नव्हतो तेव्हा ते आपल्यासाठी दुवा मागत होते, दगड मारणाऱ्यांनाही त्यांनी बद्दुवा दिली नाही, वगैरे. तर शेजारच्या हमीदाचाची मधेच, 'ते समदं खरं गं. पण त्यांस्नी आपल्या प्रेमाची काय गरज?'
म्हटलं, 'गरज त्यांना नाही चाची, आपल्याला आहे. आपला जीव लई लबाड. त्याला जे पाहिजे तेच बरोबर म्हणून पटवतो. त्याच्या वर कुणाला तरी बसवलं, तरच त्याला आवरणारं कुणी राहतं.'
बायका म्हणाल्या, लई भारी बोललीस. आणि माझ्या डोक्यात तेव्हाही एकच चालू होतं, सोमवारी जायचं नाही. मेले तरी नाही.

१५ शनि.
सनाचे अब्बा चहा पिता पिता, 'मला सोमवारी भाडं हाय. तू वेल्ह्याला जाणार न्हवं?'
म्हटलं, 'सोमवारी माझा रोजा.' एकदम सुचलं. सोमवारचा रोजा नबींची (स.) सुन्नत, त्यांचा रिवाज, कोण काय बोलणार?
'मागच्या सोमवारी कुठं गेलता रोजा?'
बोलतात बघा कसे! कारण नसताना सगळे डबे घासले.

१६ रवि.
आज तिकडं निकाह. कशात लक्ष नाही. पोरांना सुट्टी दिली. सनानं घर झाडलं, परत झाडलं.

१७ सोम.
रोजा धरला. सकाळी सना म्हणाली, 'अम्मी, बोलावल्यावर रोजा असला तरी जायचं. खायचं नसेल तर दुवा करून यायचं. तूच शिकवतेस ना पोरांना?'
शिकवते खरी. नबींचंच (स.) सांगणं. म्हणजे त्यांचीच सुन्नत पुढं करून मी त्यांचंच सांगणं टाळत होते. लाजच वाटली. शुक्रवारी जिवाला लबाड म्हणाले ते दुसऱ्यांच्या.
'तू येतेस?'
'मी न्हाई. तू जा.' माझी हिरवी साडी तिनं आधीच काढून ठेवली होती.
किकवीहून चेलाडी फाटा, तिथून वेल्ह्याची ST. मांडवात आधी मीच सलाम केला. आपानं जवाब दिला, ताट वाढून पुढ्यात ठेवलं.
'रोजा आहे आपा.'
'माझ्या घरचं खायाचं न्हाई, तसं सांग की.'
नफील रोजा, आपखुशीचा, सोडता येतो. सोडला. आपा शेजारी बसून रडली, मीही रडले. मंगनी मोडल्याचं कारण तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. येताना ST त हलकं वाटत होतं. वाटलं, जमलं की मला!
घरी आले तर सना दारातच. पिशवी घेतली.
'जेवलीस?'
'जेवले.'
'बरं केलंस.' आत गेली, परातीत पीठ घेतलं, आणि पाठमोरीच म्हणाली, 'अम्मी, तो खूश दिसत होता का गं?'
लेकरांपेक्षा जास्त, ते सोपं, असं गुरुवारी मीच लिहून ठेवलंय.
खरं बोलायचं, हेही नबींचंच (स.) सांगणं. खूश होता तो. अजून तिला सांगितलेलं नाही. भाकरी थापल्याचा आवाज येतोय.