‘घर’ नावाची फाइल

१४ मार्च २०००

दादाचं पाकीट आलं! दहा महिन्यांनी!

पोस्टमन म्हणाला, गोरक्षचं अक्षर दिसतंय, वर आबांचं नाव आहे. आबांनी पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘मला कुठं वाचता येतंय, पोरीला द्या,’ म्हणाले आणि झेंडूच्या जाळ्या भरायला गेले. मी तिथेच उभ्या उभ्या फोडलं. आत एक सीडी. चिठ्ठी नाही, पत्ता नाही. पाकीट उलटं करून झटकलं. शिक्का पुसट.

आईने सीडी उजेडात धरली. त्यात त्याचा फोटो असेल असं तिला वाटलं. तिचंच तोंड दिसलं तिला.

गेल्या मे महिन्यातलं भांडण अजून कानात आहे. दादा बारावी झाला तेव्हा त्याच्या कॉम्प्युटर कोर्ससाठी आबांनी सर्जा विकला होता. घरचा बैल, वासरू असल्यापासूनचा. दोघंच गेले होते बाजारात. येताना दादा रडत आला होता. आणि तोच दादा नाशकातल्या कंपनीत पोरांचे खेळ बनवतो म्हटल्यावर आबांचं डोकंच फिरलं. म्हणाले, ‘आता ह्या घरात पाय ठेवायचा तर मला इचारून ठेव.’

दादाने विचारलं नाही. गेला.

२० मार्च

पंचवटीतल्या क्लासच्या मॅडमच्या हातापाया पडून सीडी लावली. घरात ‘कॉम्प्युटर’ हा शब्दच बंद आहे.

बैलबाजाराचा खेळ आहे! दादाने बनवलेला. आपण बैल घेऊन हिंडायचं. बैल पांढरा, एक शिंग वाकडं – सर्जाच! लिंबाखाली एक फेटेवाला म्हातारा बसलाय, हातावर रुमाल टाकून. त्याच्यापाशी गेलं की रुमाल हलतो, थांबतो, परत हलतो. बस्स. विकत घेत नाही, बोलत नाही. आपण कंटाळून पुढे जायचं.

आणि शेजारी एक फाइल. नाव ‘घर’. उघडायला गेलं की पासवर्ड मागते.

माझं नाव घातलं. नाही. आईचं. नाही. ‘गोरक्ष’. नाही. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

२ एप्रिल

‘सर्जा’! रात्रभर वाटत होतं, हेच असणार.

हेही नाही.

१७ नोव्हेंबर २००२

क्लास पूर्ण केला, आता मीच तिथे शिकवते. पोरांना पहिला धडा देते – पासवर्ड विसरू नका. मनात हसते. मग हसू येत नाही.

आज जीवन भेटला, दादाच्या कंपनीतला मित्र. कंपनी कधीच बंद पडली. दादा कुठे आहे ते त्यालाही माहीत नाही. एकदा उत्तरेकडे जातो म्हणाला होता, एवढंच. गेल्या वर्षी मी त्याला खेळाची प्रत दिली होती. त्याने तो इंटरनेटवर ठेवलाय, कुलूपबंद फाइलसकट. म्हणे जगात तीस-चाळीस जण या ‘घर’च्या मागे लागलेत! पोलंडमधल्या एकाने आठ आकड्यांपर्यंतचे सगळे आकडे मशीनला घालून पाहायला लावले. कोणी म्हणतं आत खजिना आहे, कोणी म्हणतं पुढचा खेळ. एकाने लिहिलंय, आत काहीच नसेल.

त्याला काय माहीत दादा.

जीवनला त्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं. म्हणाला, ‘वाऱ्याने रुमाल हलताना दाखवायचा असेल. राहून गेलं त्याच्याकडून.’ दादाकडून काही राहून जात नसे. पण मीही म्हटलं, हो, वाराच असेल.

२३ फेब्रुवारी २००३

उद्या लग्न. मुलगा पिंपळगावचा, महेश. कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. माणूस बरा वाटतो.

कानपिळीला भाऊ लागतो. चुलतभावाला उभं करणार आहेत. तो आत्तापासूनच आहेर कसला मिळणार विचारत फिरतोय.

दादा, तू महेशचा कान केवढ्याने पिळला असतास!

ट्रंकेत तळाशी सीडी ठेवली, पैठणीच्या घडीत.

भाऊबीज, २००५

चंद्राला ओवाळलं. शेजारच्या तानुबाई म्हणाल्या, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात चंद्राला. मी म्हटलं, मला भाऊ आहे.

११ डिसेंबर २००७

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस माझ्याकडे राहणार आहेत. दिशा झाली तेव्हापासून माझ्या घरचं पाणी प्यायला लागले, तोवर लेकीकडे काही घ्यायचे नाहीत. काळा चष्मा घालून ऐटीत बसतात. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब.

महेशचा कॉम्प्युटर हॉलमध्येच आहे. जावयाच्या घरात काय बोलणार! पाठ करून बसतात.

१३ डिसेंबर

नीट लिहिते.

दुपारी दिशा बैलाचा खेळ खेळत होती. ‘आजोबा, हा फेटेवाला बाबा माझा बैल घेतच नाही,’ म्हणून रडायला लागली. नातीसाठी वळले आबा. चष्मा काढला. पहिल्यांदाच पडद्याकडे पाहिलं त्यांनी, आणि पाहतच राहिले.

मी म्हटलं, आबा, तो बिघाड आहे, वाऱ्याने रुमाल हलतो.

‘वारा नाय हा,’ आबा म्हणाले. ‘बोटं हायेत. भाव सांगतोय त्यो.’

मग म्हणाले, ‘प्रतिभे, हात दे.’ खुंटीवरचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी चार बोटं धरली. सोडली. एक धरलं. मग सगळा पंजा. मग पुन्हा एक. बैलबाजारात रुमालाखाली भाव होतात एवढं मी ऐकून होते. पण मुलींना बाजारात नेत नसत, मी ते कधी पाहिलं नाही. आबांनी माझा हात असा कधी धरलाही नव्हता.

‘चार हजार एकशे एक्कावन. सर्जाचा भाव. गोरख्या होता माझ्यासंगं.’

मी ४१५१ घातलं. नाही! आकडे सगळे त्या पोलंडवाल्याने केव्हाच घालून पाहिले होते, लक्षातच आलं नाही. आबा वैतागले. म्हणाले, नुसता भाव कसा चालेल, आधी जनावराचं नाव घ्यावं लागतं.

आधी सर्जा. मग भाव.

उघडली!

आमचा मळा. विहीर. पडवीत आई. फाटकाबाहेर एक माणूस पिशवी घेऊन उभा. आणि आवाज आला – दादाचा. आठ वर्षांनी.

‘आबा, येऊ का घरी?’

खाली एकच बटण, ‘हो’. आबांचं बोट धरून मीच दाबलं. माणूस एक पाऊल आत आला आणि पत्ता उमटला. इंदूर. गल्ली, खोली नंबर, सगळं.

बाकी काही नाही. एवढंच होतं आत.

त्याने विचारलं होतं. विचारून ये म्हणालात ना, म्हणून विचारलं. पत्र लिहिलं असतं तर मी वाचून दाखवलं असतं, म्हणून पत्र नाही लिहिलं. फक्त आबांना कळेल अशा भाषेत विचारलं. पाकिटावर आबांचंच नाव होतं. फोडलं मी. क्लासच्या मॅडमना दाखवलं, जीवनला दाखवलं, साऱ्या जगाला दाखवलं. फक्त ज्याचं होतं त्याला दाखवलं नाही. आबांना यातलं काय कळणार, असंच धरून चालले होते मी.

तिकडे तो आठ वर्षं उत्तराची वाट पाहतोय. की सोडली वाट?

१४ डिसेंबर

आबांनी दिशाकडून तो आवाज चार वेळा लावून घेतला. जेवले अर्धी भाकरी.

मला म्हणाले, तो पत्ता कागदावर लिही, मोठ्या अक्षरात. वाचता येत नाही, तरी मोठ्या अक्षरात.

संध्याकाळी आबांनी महेशला विचारलं, ‘इंदूर कुठं आलं?’ महेश म्हणाला, हाच हायवे आबा, सरळ वर. पण पत्ता आठ वर्षांपूर्वीचा आहे, खोली बदललीही असेल. पुढच्या आठवड्यात द्राक्षाची गाडी जाईल, ड्रायव्हरला चौकशी करायला सांगतो.

आबा ‘बरं’ म्हणाले.

१५ डिसेंबर

आबा घरात नाहीत. मोतीराम दूधवाला म्हणाला, सकाळी हायवेवर उभे होते, काळा चष्मा लावून, येईल त्या गाडीला ‘इंदूर का?’ विचारत होते. एकीत चढले.

डोळ्याचे थेंब इथेच राहिलेत. पत्त्याचा कागद नाही. खुंटीवरचा रुमालही नाही.