पूजेला बसवलेला पाय

प्रिय वैजनाथ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न वाचताच उशीखाली सारशील, म्हणून ते मुक्तामावशींच्या हातात दिलंय. फोन केला की त्या दर वेळी म्हणतात, झोपलाय गं, उठला की सांगते. तुझी आई खोटं बोलायला अगदीच कच्ची आहे. मागे तुझा टीव्ही चालू असतो आणि तू चॅनेल बदलत असतोस, ते मला इकडे ऐकू येतं.

रविवारी बालेवाडीला निवड चाचणी आहे. शंभर मीटर. या वेळी राष्ट्रीय संघात नाव आलं नाही, तर धावायच्या पायाचं ते ब्लेड संस्थेला परत करायचं. त्याच्या रांगेत नगरची एक मुलगी आहे, माझ्यापेक्षा लहान आणि, ऐकते, माझ्यापेक्षा जोरातही. तिचं काही चुकत नाही. पण ब्लेड गेलं तर माझ्याकडे उरेल तो ऑफिसला जायचा पाय, ज्यावर बस पकडता येते, धावता येत नाही. आणि धावणं गेलं तर मी फक्त दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी बाई. परभणीला आई वाटच बघत्येय, झालं तुझं पळणं, आता स्थळं बघू म्हणून.

पाय बनवणाऱ्या मच्छिंद्रच्या वर्कशॉपमधला तो दिवस तुला आठवतो का? दोघांच्या गुडघ्याखाली उरलेल्या स्टंपचे प्लास्टरचे साचे टेबलावर शेजारीशेजारी सुकत होते आणि कुठला कोणाचा हे त्यालाच कळेना. देवाने तुम्हाला एकाच मापाचं तोडलंय, म्हणाला. कसला दुष्ट विनोद, आणि आपण किती हसलो! मग एकदा मी सरावाला स्टंपवर चढवायचा माझा सिलिकॉनचा मोजा घरीच विसरले, तेव्हा तू तुझा काढून दिलास आणि स्वतः कट्ट्यावर बसून मला शिव्या घालत राहिलास. गुडघा उचल, गुडघा, बाजारात निघालीस का! माझी सगळ्यात चांगली धाव त्या दिवशी झाली. लग्न करीन तर याच्याशी, असं मी त्याच दिवशी ठरवलं होतं. तुला सांगायचं राहिलं.

आता या आठवड्याची गोष्ट. मी कसब्यात कुसुमकाकूंकडे राहते हे तुला माहीत आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी ब्लेडकडे पाहून विचारलं होतं, ही विळी घरात कुठे ठेवणार? तेव्हापासून ते विळीच. खंडेनवमीला मी ऑफिसातून आले तर पाटावर अडकित्ता, कात्री, काकांचा टाइपरायटर, आणि मधोमध माझा पाय, झेंडूची माळ घालून. आज हत्यारं बसतात, तूही बस, सराव नाही, असं त्यांनी बजावलं. मला भरून आलं. परभणी सोडल्यापासून माझ्या कुठल्याच वस्तूला कोणी कुंकू लावलं नव्हतं.

पण काकूंनी मोजाही पूजेला घेतला होता. त्यांच्या हिशेबी तो पायच, आणि पायाला तेल लावलं की पाय शिणत नाही. खोबरेल तेल चोळून रात्रभर ठेवला. दसऱ्याला सकाळी तेलकटपणा जाईना, म्हणून शिकेकाई लावून काथ्याने घासला. खाली जिथे ब्लेडला अडकणारी पिन बसते, तिथेच चीर गेली. ती पिन सुटली की धावता धावता पाय मागे आणि मी पुढे.

काकूंना मी सांगितलेलं नाही. त्यांनी रविवारी मला दही-साखर द्यायचं ठरवलंय. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मच्छिंद्रने चीर पाहिली आणि ही सांधता येणार नाही म्हणाला. नवा मोजा परदेशातून येईपर्यंत चाचणी होऊन गेलेली असेल. ओळखीच्या तिघांचे घालून पाहिले. एकाचा सैल, बाकीचे चढेचनात. जुना तर मच्छिंद्रनेच मला फेकायला लावला होता, तुझं ते सगळं झाल्यावर.

वैजू, आता ते लिहावंच लागेल. चांगली वस्तू मोठ्या दिवसासाठी राखायची ही तुझी खोड. नवा मोजा घरात असताना तू जिल्ह्याच्या शर्यतीत विरलेला घालून धावलास. जखम झाली, ती लपवलीस, निकाल लागेपर्यंत मलाही दिसू दिली नाहीस. ती चिघळली आणि मग डॉक्टरांनी गुडघ्याच्या वर कापलं. तेव्हापासून तू मला दारातही उभं करत नाहीस. मावशींनी एकदा रडत सांगितलं की तो मोजा अजून कपाटात आहे, पाकीटसुद्धा न फोडलेला, आणि तू कोणाला हात लावू देत नाहीस.

मला तो हवाय. ज्याच्याकडे गुडघाच राहिला नाही त्याच्याकडे मी गुडघ्याखालचा मोजा मागते आहे, याची मला लाज वाटते आणि तरी मागते. नाही म्हणालास तर समजून घेईन असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. नाही म्हणालास तर मी फाटकाच बांधून धावेन. जखम झाली तर लपवीन. कशी लपवायची ते तुझ्याकडूनच शिकलेय. ही विनंती नाही, धमकी आहे, आणि ती तुझ्याशिवाय कोणाला कळणारही नाही. शनिवारी संध्याकाळी मी मांजरी गावी तुमच्या दारात येईन. बाहेर यायचं नसेल तर पाकीट मावशींकडे दे. पण आलास, तर तुला तसं बघायची भीती मला नाही रे, ती तुलाच आहे. आणि जमलं तर रविवारी कट्ट्यावर येऊन बस. शिव्या घालणारं कोणी नसलं की माझा गुडघा उचलत नाही.

अजूनही तुझीच,
रुपाली